लुटुपुटूचे इंजेक्शन

मी कवितेचे अनुवाद करते, पण घरभाडे निघते ते संमतीपत्रांच्या अनुवादातून. नव्या औषधाची चाचणी घ्यायची असली की तिच्यात सहभागी होणाऱ्या माणसाला सगळे समजावून सांगणारा एक कागद त्याच्या भाषेत द्यावा लागतो. तो आधी इंग्रजीत तयार होतो आणि मग हिंदी, तेलुगू, कन्नड, मराठी असा फिरतो. हैदराबादमध्ये मराठी कागदाला बऱ्यापैकी मागणी आहे. नांदेड, लातूर, देगलूरकडची माणसे मोठ्या दुखण्याला अजूनही हैदराबाद गाठतात. निजामाचे राज्य १९४८ साली संपले, दवाखान्याची वाट तीच राहिली.

तौलनिक साहित्य शिकलेल्या बाईने या कामाबद्दल बोलताना जरा ओशाळावे अशी अपेक्षा असते. सुरुवातीला मी ओशाळायचे. आता वाटते, कादंबरीच्या अनुवादात चूक झाली तर निदान कुणी समीक्षक रागावतो. संमतीपत्रातली चूक कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण ती ज्याच्या वाट्याला येते तो मूळ वाचू शकत नसतो.

तीनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक कागद आला. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या खराब होतात, त्यावर एका प्रथिनाचे इंजेक्शन डोळ्यात देऊन बघायचे होते. वीस-बावीस पाने. चौथ्या पानावर एक शब्द होता, त्याच्याविषयी मला लिहायचे आहे. पण आधी आजाराविषयी थोडे सांगायला हवे, नाहीतर त्या शब्दाचे वजन कळणार नाही.

मधुमेहाला आपण साखरेचा आजार म्हणतो, पण माणसाला तो अधू करतो रक्तवाहिन्यांच्या वाटेने. डोळ्याच्या पडद्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की या केशवाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात. भिंतींना बारीक फुगे येतात, काही वाहिन्या पाझरतात, काही बुजून जातात. ज्या भागाला रक्त पोचत नाही तो प्राणवायूसाठी हाक मारतो. असा काहीतरी पदार्थ असला पाहिजे, असा अंदाज मायकेलसन नावाच्या नेत्रवैद्याने १९४८ सालीच केला होता. पुढे १९८९ मध्ये एका प्रथिनाला व्हीईजीएफ हे नाव मिळाले आणि १९९४ मध्ये मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांतल्या द्रवात ते वाढलेले सापडले. हीच ती हाक. हाकेला उत्तर म्हणून नव्या रक्तवाहिन्या उगवतात, पण त्या इतक्या कच्च्या असतात की फुटतात, आणि डोळ्यात रक्त उतरते. मदतीला आलेल्यांनीच घर बुडवावे असा प्रकार.

गंमत अशी की त्याच शरीरात पायाच्या जखमेपाशी उलटे चाललेले असते. तिथे नव्या रक्तवाहिन्या हव्या असतात आणि उगवत नाहीत. म्हणून संशोधकांनी डोळ्यात हे प्रथिन अडवायचा आणि पायात अशीच प्रथिने पुरवायचा प्रयत्न केला. डोळ्यात वापरले जाणारे अफ्लिबरसेप्ट हे औषध स्वतःच एक प्रथिन आहे. व्हीईजीएफची हाक ज्यांना ऐकू जाते त्या मानवी ग्राहकांचे तुकडे जोडून ते बनवलेले आहे. रक्तवाहिन्यांच्या अंगावरचे कान कापून मोकळे सोडावेत आणि हाक त्यांच्यातच अडकावी, तसे. म्हणजे औषध हीसुद्धा शरीराची एक फसवणूकच झाली. पण शरीराकडे आपण संमती मागत नाही.

आता तो शब्द. इंग्रजीत होता ‘शॅम’. ज्यांना चिठ्ठी टाकून औषधाच्या गटात घातले जाईल त्यांना डोळ्यात प्रथिनाचे इंजेक्शन मिळणार होते आणि ज्यांची चिठ्ठी दुसरी निघेल त्यांना ‘शॅम’ इंजेक्शन. ते असे देतात: डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकायचे, आयोडीनच्या तपकिरी औषधाने डोळा धुवायचा, पापण्या चिमट्याने उघड्या धरायच्या, सगळे अगदी खऱ्यासारखे करायचे आणि मग सुई नसलेली सिरिंज डोळ्यावर टेकवून हलकेच दाबायची. डॉक्टर म्हणतात, “आता जरा दाबल्यासारखं वाटेल.” हे वाक्य दोन्ही गटांत खरेच असते. डोळ्यात मात्र काही जात नाही. माणूस पट्टी बांधून घरी जातो, आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा येतो.

याला मराठीत काय म्हणायचे? ‘खोटे’ म्हटले तर कंपनी घाबरते. ‘बनावट’ला भेसळीचा वास. ‘भासमान’ कुणाला कळत नाही. ‘कृत्रिम’ म्हणजे माणसाने केलेले, आणि इंजेक्शन तर सगळीच माणसाने केलेली. माझ्या हिंदीच्या सहकाऱ्याने ‘छद्म’ घेतला होता. तो मराठीत आणला तर छद्मी हास्य सोबत येते. अशा वेळी मी मजकूर कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवते. त्या आठवड्यात मावशी माझ्याकडेच उतरली होती.

मावशी नांदेडची. निवृत्त शिक्षिका, प्राथमिक शाळेतल्या. साखर बावीस वर्षांची. तिच्या उजव्या डोळ्यात अशी इंजेक्शने चालू आहेत, खरी, आणि त्यासाठी ती दोन महिन्यांतून एकदा येते. मी चौथे पान वाचले. तिने मध्येच थांबवले.

“म्हणजे सुई नसतेच?”

“नसते.”

“आन् डॉक्टरला माहीत असतं?”

“जो देतो त्याला असतं. जो नंतर डोळे तपासतो त्याला नसतं. पेशंटला नसतं.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “लुटुपुटूचं इंजेक्शन म्हण की मग.”

मला तो शब्द इतका आवडला की मी तसाच लिहिला. लुटुपुटूची लढाई, लुटुपुटूचा संसार. ज्याने मराठीत लहानपण काढले आहे त्याला या शब्दाची टीप लागत नाही. पण संमतीपत्राचा अनुवाद दुसरा एक अनुवादक उलटा इंग्रजीत नेतो, ताडून बघण्यासाठी. त्याने त्याचे ‘टॉय इंजेक्शन’ केले. कागद परत आला, सोबत शेरा: शब्द पोरकट आहे, रुग्णाचा चाचणीवरचा विश्वास उडेल, ‘औषधविरहित प्रक्रिया’ असे करावे. मी एक दिवस विचार केला आणि तसे केले. उलट्या अनुवादात ते बरोबर उतरले, समितीने मंजूर केले, माझे पैसे आले. ‘औषधविरहित प्रक्रिया’ खोटे नाही. तिच्यात औषध नसते आणि ती प्रक्रिया असते. एकही शब्द असत्य नाही.

त्या दुरुस्तीचे मला अजून काय वाटते हे शोधायला मी हा लेख लिहायला घेतला. आधी मला वाटत होते की प्रश्न त्या क्रियेचाच आहे: आजारी माणसाच्या डोळ्याशी डॉक्टरने नाटक करावे का? आता मला तसे वाटत नाही.

महाभारताच्या आदिपर्वात पिठाच्या पाण्याची गोष्ट आहे. द्रोण गरीब, घरी गाय नाही. श्रीमंतांची मुले दूध पिताना बघून अश्वत्थामा रडतो. मग त्याला पाण्यात पीठ कालवून दूध म्हणून दिले जाते आणि तो ‘दूध प्यालो’ म्हणून नाचू लागतो. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना बहुतेकदा ते पाणी त्याची आई देते, डोळे पुसत. संस्कृत पाठात मात्र ते देतात इतर मुले, त्याला भुलवायला. पांढरे पाणी तेच, नाचणे तेच. देणारा बदलला की पहिल्या कथनात करुणा दिसते आणि दुसऱ्यात टवाळी. म्हणजे खोटे किती वाईट हे त्या पेल्यात काय आहे यावरून ठरत नाही. कुणी कुणाला, कशासाठी आणि काय सांगून दिले, यावरून ठरते.

पण चाचणी घेणारा डॉक्टर या दोघांपैकी कुणीच नाही. आईला माहीत असते की शेजारच्या घरात खरे दूध आहे. चाचणीच्या डॉक्टरला, तो प्रामाणिक असेल तर, दुसऱ्या पेल्यातले दूध हे दूध आहे की नाही हेच माहीत नसते. तेच तर त्याला शोधायचे असते. बेंजामिन फ्रीडमन या तत्त्वज्ञाने १९८७ मध्ये ही अट मांडली: कोणता गट बरा याबद्दल जाणकारांमध्ये खरोखरच एकमत नसेल, तरच चिठ्ठी टाकणे नैतिक. दूध आहे हे ठाऊक असताना कुणाला पिठाचे पाणी देणे म्हणजे सरळ चोरी.

काही वेळा पाण्याच्या पेल्याची गरजच पडत नाही. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तेही प्रथिनच. पहिला अर्क अशुद्ध होता, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. कॉलिपने शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिला आणि मुलाची साखर उतरली. मृत्यूच्या दारातली मुले उठून बसू लागली. कुणी तुलनेचा गट ठेवला नाही, कारण तो आधीच होता: तोवर त्या आजाराने मेलेली सगळी मुले. हाडाला चिकटलेले कातडे भरून येताना दिसत असेल तर नाटकाची जरूर काय?

पण रक्तवाहिन्यांचे नुकसान तसे दिसत नाही. ते सावकाश होते, कमीजास्त होते, आणि आशेने माणसाचे पुष्कळ काही सुधारते. तक्त्यावरची अक्षरे वाचायला लावलेला माणूस ‘आपल्याला औषध मिळाले’ या भरवशावर आणखी एक ओळ ताण देऊन वाचतो. डॉक्टरही त्याला आणखी एक संधी देतो. यात कुणी लबाड नसते. पायाच्या रक्तवाहिन्यांच्या बाबतीत हे फार कडवटपणे कळले. पायाचे रक्त इतके आटले आहे की पाय काढावा लागेल, अशा रुग्णांच्या स्नायूत एफजीएफ-१ हे प्रथिन तयार करायला लावणारे जनुक टोचायचे, म्हणजे तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतील, अशी कल्पना होती. आधीच्या १२५ जणांच्या चाचणीत औषधाच्या गटात पाय कापण्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आलेले दिसले. सगळ्यांना वाटले, सापडले. मग ३० देशांत ५२५ रुग्ण घेऊन मोठी चाचणी झाली, तिचे नाव टामारिस. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक रुग्ण मधुमेही होते. चार भेटींत दर वेळी आठ, अशी बत्तीस इंजेक्शने दुखऱ्या पायात. वर्षभरात पाय गमावलेल्या किंवा मेलेल्या रुग्णांचे प्रमाण नुसत्या द्रावणाच्या गटात ३३ टक्के आणि औषधाच्या गटात ३६ टक्के. म्हणजे फरक नाहीच.

त्या नुसत्या द्रावणाच्या गटातल्या माणसांचा मी बराच विचार केला आहे. रक्त न पोचणाऱ्या पायात बत्तीस वेळा सुई टोचून घेतली, ज्यात काहीच नव्हते. त्यांनी ते केले नसते तर ते औषध कदाचित बाजारात आले असते, आणि हजारो घरांनी जमीन विकून ते विकत घेतले असते. त्यांच्या पायांनी आपल्याला ‘नाही’ हे उत्तर मिळवून दिले. हे उत्तर मिळवून देणाऱ्याचे नाव कुठे लागत नाही. यशस्वी औषधाच्या पहिल्या रुग्णाचे नाव मात्र आपण शंभर वर्षांनी सांगतो, जसे मी वर सांगितले.

डोळ्याच्या चाचणीत आणखी वेगळे घडले. अमेरिका आणि कॅनडातल्या ६४ केंद्रांवर २०१६ पासून ‘प्रोटोकॉल डब्ल्यू’ नावाची चाचणी झाली. ३२८ माणसे, ३९९ डोळे. ज्यांचा पडदा खराब होऊ लागला आहे पण अजून नीट दिसते, अशांना आधीपासूनच अफ्लिबरसेप्ट द्यावे का, हा प्रश्न. अर्ध्या डोळ्यांना औषध, अर्ध्यांना सुईविना सिरिंज. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा कच्च्या रक्तवाहिन्या फुटणे किंवा नजर कमी करणारी सूज येणे हे औषधाच्या गटात १६ टक्क्यांच्या आसपास, लुटुपुटूच्या गटात ४४ टक्क्यांच्या आसपास. इथे थांबले तर वाटेल, ज्यांना रिकामी सिरिंज मिळाली ते फसले. पण त्या गटातल्या ज्यांचा डोळा बिघडला त्यांना तेव्हा खरे औषध दिले गेले. चार वर्षांनी दोन्ही गटांची नजर मोजली, तर अक्षरे वाचण्यात फरक नव्हता. दोन्हीकडे सरासरी तीनेक अक्षरांच्या आतली घट.

मग नेमके कोण फसले? ज्याला चार वर्षे डोळ्यात खऱ्या सुया मिळाल्या आणि शेवटी दुसऱ्याइतकेच दिसले, तो? की ज्याला सुरुवातीला काहीच मिळाले नाही, पण ज्याच्या वाटेच्या बऱ्याच सुयाही वाचल्या, तो? चिठ्ठी टाकण्याआधी कुणालाच हे सांगता आले नसते. मी जेव्हा हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा ‘शॅम’बद्दलचा माझा राग मावळला. ते नाटक गरजेचे असू शकते. ते दुष्टही नाही, निदान जिथे थांबल्याने भरून न येणारी हानी होत नाही तिथे. मधुमेहाचा डोळा ज्या दिवशी बिघडेल त्याच दिवशी खरी सुई तयार असेल, हे वचन पाळले गेले पाहिजे. एवढ्या अटींवर मला ते मान्य आहे.

जे मान्य नाही ते माझ्या बाजूचे आहे. आधी सांगून केलेली फसवणूक ही फसवणूक राहत नाही, असे आपण म्हणतो. नाटकाला गेलेला माणूस रंगमंचावरच्या खुनाबद्दल पोलिसांत जात नाही. मराठीत तर चाचणीला आणि नाटकाच्या खेळाला एकच शब्द आहे, ‘प्रयोग’, आणि डोळ्याच्या आतल्या त्या पटलालाही आपण पडदाच म्हणतो. पण सगळा भार ‘आधी सांगून’ या दोन शब्दांवर आहे. सांगितले म्हणजे काय? कागदावर होते म्हणजे?

आपल्या देशाच्या २०१९च्या नियमांत संमतीपत्रात काय असावे याची यादी आहे. औषधाचा अपेक्षित परिणाम न होण्याची शक्यता आहे, असे वाक्य लागते. चाचणीत निष्क्रिय औषध असेल तर त्याचा कोणताही उपचारात्मक परिणाम होणार नाही, असेही लागते. शेवटच्या पानावर शिक्षण, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न भरायचे असते, आणि वारसाचे नाव, म्हणजे चाचणीमुळे मृत्यू आला तर भरपाई कुणाला द्यायची ते. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा. हे नियम चांगले आहेत. बरीच माणसे कागदाविना वापरली गेल्यानंतर, कोर्टकचेऱ्या होऊन मिळालेले आहेत.

तरीही माणूस वाचतो काय आणि ऐकतो काय यात अंतर राहते. ॲपेलबॉम, रॉथ आणि लिड्झ यांनी १९८२ मध्ये हे टिपले होते की चाचणीत सहभागी झालेली माणसे, त्यांना चिठ्ठीबद्दल सांगितल्यावरसुद्धा, धरून चालतात की डॉक्टर आपल्यासाठी जे बरे तेच निवडणार. ही समजूत मूर्खपणाची नाही. आयुष्यभर डॉक्टरकडे गेल्यावर हेच तर घडलेले असते. मराठीत तिला आणखी एक टेकू मिळतो. ‘उपचार’ या शब्दात औषधपाणीही येते आणि पूजेचे सोळा उपचारही; कुणाला तरी आदराने, काळजीने काहीतरी अर्पण करणे. सुईविना सिरिंज टेकवायच्या आधी जे जे करतात, डोळा धुणे, थेंब घालणे, खांद्यावर हात ठेवून ‘झालं बरं का आजी’ म्हणणे, तो सगळा या दुसऱ्या अर्थाने उपचारच आहे. पहिल्या अर्थाने नाही. कागदात मी ‘उपचार’ हा शब्द किती वेळा वापरला ते नंतर मोजले: एकोणचाळीस वेळा. ‘चाचणी’ चौदा वेळा. इंग्रजीतही प्रमाण फारसे वेगळे नव्हते. पण इंग्रजी कागदावर सही करणारे कुणी मराठवाड्यातून येणार नव्हते.

‘औषधविरहित प्रक्रिया’ या शब्दांचे हे झाले. उपचारांच्या एकोणचाळीस उल्लेखांच्या रांगेत ते असे उभे आहेत की तेही एक उपचारच वाटावेत. कदाचित बरेच. आपल्याकडे विषमुक्त भाजी असते, साखरविरहित मिठाई असते. औषधविरहित म्हणजे काहीतरी सौम्य, दुष्परिणाम नसलेले. कुणी वाचून ‘मला तेच द्या’ म्हणाले असेल तर मला नवल वाटणार नाही.

अश्वत्थाम्याच्या नावाभोवती महाभारतात दुसरेही एक खोटे आहे, जास्त प्रसिद्ध. युधिष्ठिर खोटे बोलला नाही. हत्तीचा उल्लेख त्याने केला होता, फक्त हळू. त्यानंतर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. मी शाळेत असताना मला वाटायचे, एवढ्याशा आवाजाच्या फरकाला एवढी शिक्षा? आता कळते की तो आवाज लहान करण्याचे कामच अनुवादकाला रोज करता येते, आणि त्याबद्दल रथ वगैरे काही टेकत नाही. उलट अनुवादात शब्द बरोबर उतरतो.

माझ्या बाजूने आणि माझ्या विरुद्ध एक गोष्ट नोंदवायला हवी. ‘लुटुपुटूचे’ हा शब्द बिनचूक नव्हताच. लुटुपुटूच्या खेळात सगळ्या गड्यांना माहीत असते की हे लुटुपुटूचे आहे. भातुकलीतला भात कुणी खात नाही. इथे खेळणाऱ्यांपैकी एकालाच माहीत असते. म्हणजे तो शब्द नाकारणाऱ्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, कारण मात्र चुकीचे होते. पण चुकीच्या शब्दाने मावशीला एका क्षणात सगळे कळले, आणि बरोबर शब्दाने कुणाला काहीच कळले नसते. अनुवादाच्या वर्गात आम्हाला अचूकतेच्या व्याख्या शिकवल्या. वाक्य खरे असणे आणि ऐकणाऱ्याला खरे कळणे या दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या तर कुणाची बाजू घ्यायची, हे कवितेच्या संदर्भात आम्ही तासन्‌तास बोललो. कवितेत कुणाचा डोळा पणाला नव्हता.

कांटचा नियम सगळे सांगतात: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. ‘केवळ’ हा त्यातला कळीचा शब्द आहे. रिकामी सिरिंज टेकवलेला माणूस साधन असतोच, त्यात लपवण्यासारखे काही नाही. तो ‘केवळ’ साधन राहू नये एवढेच संमतीपत्राचे काम. त्याला ज्या घटकेला कळते की आपण साधन होणार आहोत, आणि तरी तो म्हणतो, ‘होऊ द्या’, त्या घटकेला तो संशोधकाच्या बाजूला येऊन बसतो. ती घटका त्याला मिळाली की नाही, हे माझ्या शब्दावर अवलंबून होते. मी ती त्याला दिली नाही. सव्वातीन रुपये शब्दाप्रमाणे त्या दोन शब्दांचे साडेसहा रुपये झाले.

त्या संध्याकाळी सगळे वाचून झाल्यावर मी मावशीला विचारले होते, तू केली असतीस का सही?

“केली असती,” ती म्हणाली. “का नाही? आपल्यावरून दुसऱ्याचं कळत असेल तर. आपण काय, शाळेत पोरांवर नवीन नवीन पद्धती करूनच बघितल्या की. कुणाला विचारलं होतं?” मग चष्मा काढून पुसत म्हणाली, “पण एक विचारलं असतं. शेवटाला सांगतील का, मला कोणतं दिलं होतं ते?”

मी पाने चाळली. एकोणिसाव्या पानावर होते, चाचणी पूर्ण झाल्यावर निष्कर्ष उपलब्ध होतील, इच्छुकांनी केंद्राशी संपर्क साधावा. हेलसिंकीच्या जाहीरनाम्यातही आहे की सहभागी झालेल्यांना निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय दिला पाहिजे. मी तिला ते वाचून दाखवले.

“निष्कर्ष नाही गं,” ती म्हणाली. “माझं. माझ्या डोळ्यात काय होतं ते. घरी येऊन सांगा म्हणत नाही मी. पत्र टाकलं तरी चालंल.”

वीस-बावीस पानांत ते कुठे नव्हते. मला ते खटकलेसुद्धा नव्हते तोवर. खोटे बोलायची परवानगी आधी घेतली जाते, हे मी पाहिले होते. ते खोटे नंतर परत घ्यायचे असते, हिशोब मिटवायचा असतो, हे तिच्या लक्षात आले. पिठाचे पाणी प्यायलेल्या मुलाला मोठेपणी कुणीतरी सांगायला हवे की ते दूध नव्हते, आणि कोणत्या कारणाने नव्हते. संशोधकाची बाजू यात अवघड नाही. यादी उघडल्यावर प्रत्येकाचा गट त्यांना ठाऊकच असतो. एक पोस्टकार्ड लागते, आणि ते कोणत्या भाषेत लिहायचे ते ठरवावे लागते.

मागच्या वर्षी मी त्या एजन्सीला लिहिले की त्या कागदात पुढे कधी सुधारणा होणार असेल तर चौथ्या पानावरचा शब्द मला बदलायचा आहे. नम्र उत्तर आले: मंजूर मजकुरात बदल करायचा तर तो समितीपुढे पुन्हा न्यावा लागतो, आणि त्या चाचणीतली भरती आता पूर्ण झाली आहे. म्हणजे सह्या झालेल्या आहेत. किती जणांनी मराठी प्रतीवर केल्या हे मला विचारता येत नाही, आणि विचारले तरी कुणी सांगू नये, हे बरोबरच आहे.

गेल्या सोमवारी नवे काम आले. यावेळीही डोळा, यावेळीही प्रथिन. शब्द सातव्या पानावर आहे. मी तिथे सध्या ‘खोटे इंजेक्शन (सुई टोचली जात नाही, औषध दिले जात नाही, पण तुम्हाला ते कळणार नाही)’ असे लिहून ठेवले आहे. कंसातला मजकूर मूळ इंग्रजीत नाही, त्यामुळे तो परत येणार. परत आला की काय उत्तर द्यायचे ते मी वेगळ्या कागदावर लिहायला घेतले आहे. मावशीची पुढची तारीख गुरुवारची आहे; ती बुधवारी रात्रीच्या गाडीने निघेल.